जुन्या जीपचा गिअरबॉक्स खोलण्यापूर्वी



उसाचे बिल हाती आले की घरात दोन-चार बेत निघतात. कोणी विहिरीचे काम काढतो, कोणी ठिबक बसवतो, तर कोणी जुनी जीप किंवा पिकअप घेतो. बेणे, खत, डिझेलचे कॅन, टोळीचा किराणा अशा कामाला ती बरी पडते. नारायणगड परिसरातील खडीच्या वाटांवर आणि चढांवर अशी गाडी टिकते हेही खरे. परंतु घेऊन आठ दिवस झाले नाहीत तोच गिअर कुरकुरू लागतो, मिस्तरी म्हणतो, "बॉक्स उतरवावा लागेल," आणि ऐन लागणीत गाडी गॅरेजला नि पैसा त्याच्या मागे जातो. हा खर्च पुष्कळदा टाळता येतो. कसा, ते सांगण्यासाठी हा लेख.

आपल्या पिकाचा दाखला घ्या. ऊस पिवळा पडला म्हणून आपण लगेच युरियाचे पोते फोडत नाही. पाणी साचले आहे का, मुळाला हुमणी आहे का, चुनखडीच्या रानात लोह कमी पडते का, हे पाहतो आणि मग उपाय करतो. पान पिवळे एकच, कारणे मात्र तीन. गाडीचेही तसेच आहे. गिअरचा आवाज आला म्हणजे दोष गिअरबॉक्सातच आहे असे समजू नये.

ताकद कोणत्या वाटेने जाते

महिंद्र कंपनीने आपल्या देशात विलीज जीप जोडायला सुरुवात केली. पुढे त्याच घडणीच्या जीपा आणि पिकअप खेडोपाडी पोचल्या. जबलपूरच्या लष्करी कारखान्यात १९६९ पासून बनलेल्या जोंगा गाड्याही लिलावातून लोकांकडे आल्या. चारही चाकांना जोर असणाऱ्या अशा गाडीत इंजिनाची ताकद पाच टप्प्यांनी चाकापर्यंत जाते: क्लच, गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस, प्रॉपेलर शाफ्ट आणि हाऊसिंग, म्हणजे क्राऊन-पिनियन. दोष या पाचांपैकी कोठेही असू शकतो, आणि आवाज मात्र पत्र्यातून घुमून एकाच जागेहून आल्यासारखा वाटतो. म्हणून एक-एक टप्पा तपासावा. खर्च कमी तो टप्पा आधी घ्यावा.

१. प्रथम तेल

गाडी सपाट जागी उभी करून, चाकांना दगड लावून मगच खाली जावे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस आणि दोन्ही हाऊसिंग यांचे तेल भरण्याचे बूच वेगवेगळे असते. बूच काढल्यावर तेल भोकाच्या काठापर्यंत लागले पाहिजे. जीपमध्ये गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस एकमेकांना चिकटून असतात. मधले सील गेले तर एकातले तेल दुसऱ्यात जाते. बॉक्समध्ये कमी नि ट्रान्स्फरमध्ये जास्त तेल दिसले की हाच संशय घ्यावा.

तेल काढून पाहावे. खालच्या बुचावर करडा मऊ लगदा थोडा असतोच, त्याला घाबरू नये. पोलादाचे तुकडे निघाले तर मात्र दात किंवा बेअरिंग मोडले आहे. पिवळी चमक दिसली तर पितळी रिंग झिजते आहे. तेल दुधासारखे पांढरट असेल तर ओढ्या-नाल्यातून पाणी आत गेले आहे.

तेलाची जातही पाहावी. पितळी रिंगा असलेल्या बॉक्सला जी.एल.-४ प्रतीचे ९० नंबर तेल सोसते. जी.एल.-५ हे हाऊसिंगसाठी चांगले, पण त्यातील काही तेले पितळेला खातात. दुकानदार देईल तो डबा ओतू नये, डब्यावरचे वाचून घ्यावे.

२. मग क्लच

क्लचचे पेडल हाताने दाबून पाहावे. जुन्या जीपला सुरुवातीची पोकळ चाल सुमारे पाऊण ते एक इंच असावी. चाल अजिबात नसेल तर क्लच घसरतो आणि प्लेट जळते. चाल फार असेल तर क्लच पुरता सुटत नाही आणि गिअर टाकताना दात घासतात.

परीक्षा सोपी आहे. इंजिन सावकाश चालू ठेवा, क्लच पूर्ण दाबा, मनात चार आकडे मोजा आणि मग रिव्हर्स टाका. गिअर मुकाट्याने पडला तर क्लच सुटतो आहे. चार आकडे मोजूनही कर्रर्र झाले तर बॉक्सला हात लावण्याआधी क्लचचा दांडा, पिना आणि मोजमाप पाहा. घसरण पाहायची तर गर्दी नसताना चढावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबा. इंजिनाचा आवाज वाढला नि गाडी मात्र वाढली नाही, तर प्लेट घसरते आहे.

३. खोड आणि दोष यांत फरक

तीन गिअरच्या जुन्या जीपमध्ये दुसरा आणि तिसरा गिअर सिंक्रोमेशचा असतो, पहिला नसतो. त्यामुळे चालत्या गाडीत पहिला टाकला की आवाज येणारच. ही त्या घडणीची रीत आहे, बिघाड नव्हे. गाडी थांबवून पहिला टाकावा. नव्या गाडीची सवय असलेल्या मुलांना हे आवर्जून सांगावे, नाहीतर चांगला बॉक्स त्यांच्या हातून खराब होईल.

दुसरा गिअर आपोआप निसटत असेल, विशेषतः ॲक्सिलरेटर सोडल्यावर, तर क्रमाने पाहावे: बॉक्सचे बोल्ट ढिले आहेत का, खालचे रबर माउंटिंग बसले आहे का, झाकणातील गोळी-स्प्रिंग कमजोर झाली आहे का. एवढे ठीक असूनही गिअर निसटला, तर दात किंवा बेअरिंग झिजले आहे असे समजावे.

४. आवाज कधी येतो?

कान लावून नव्हे, वेळ पाहून आवाज ओळखावा.

• गाडी उभी, गिअर न्यूट्रल, क्लच सोडलेला असताना घरघर येते आणि क्लच दाबताच थांबते: बॉक्सचे पुढचे किंवा खालच्या शाफ्टचे बेअरिंग.
• क्लच दाबल्यावरच किरकिर सुरू होते: रिलीज बेअरिंग.
• पहिल्या-दुसऱ्यात आवाज, सरळ वरच्या गिअरमध्ये शांतता: खालच्या शाफ्टचे दात अथवा बेअरिंग.
• गाडी उचलताना नि सोडताना "टण्ण" असा ठोका: प्रॉपेलरचा क्रॉस. शाफ्ट हाताने हलवून पाहावा.
• सपाट रस्त्यावर चालत्या गाडीत क्षणभर न्यूट्रल केले तरी आवाज वेगाबरोबर तसाच राहतो: दोष बॉक्सच्या मागे, ट्रान्स्फर, क्रॉस किंवा हाऊसिंगमध्ये शोधावा.

५. पुढची चाके

चारही चाकांचा जोर चिखलासाठी आणि मोकळ्या मातीसाठी आहे, डांबरी रस्त्यासाठी नाही. डांबरीवर तो लावून वळण घेतले की पुढच्या-मागच्या शाफ्टला पीळ बसतो आणि लिव्हर निघता निघत नाही. दोन टायर नवे नि दोन गुळगुळीत असले तरी तेच होते. अशा वेळी लिव्हरला हातोडा लावू नये. गाडी थोडी सरळ मागे घ्यावी, पीळ सुटतो.

एक उदाहरण

नारायणगड गटातील एका सभासदाने तीन गिअरची जुनी जीप घेतली. रिव्हर्स पडेना, दुसऱ्यात रडका आवाज. बॉक्स बदलायचे ठरले, उचल मागण्याची तयारी झाली. "साहेब, मिस्तरी म्हणतो आत सगळं खल्लास झालंय," असे ते म्हणाले. आम्ही विचारले, "तेल कधी पाहिलं?" तर कोणीच पाहिले नव्हते. पेडलची पोकळ चाल जवळजवळ तीन इंच निघाली, दांड्याची पिन झिजून अर्धी झालेली. बॉक्समध्ये इंजिनचे पातळ तेल, तेही निम्मे. पिन बदलली, चाल बसवली, योग्य तेल भरले. रिव्हर्स मुकाट्याने पडू लागला. दुसऱ्यातला आवाज कमी झाला, पण गेला नाही. कमी तेलावर चाललेल्या दातांची झीज तेलाने भरून येत नाही. ते काम त्यांनी हंगामानंतर करायचे ठरवले आणि लागण वेळेवर उरकली.

सर्वांचेच असे स्वस्तात भागेल असे नाही. तेलात पोलादाचे तुकडे निघाले, गिअर अडकून बसला, किंवा उभ्या गाडीतली घरघर वाढत चालली, तर गाडी चालवू नये, बॉक्स खोलावाच. मात्र सुटे भाग आणण्याआधी बॉक्सवरचा ओतीव नंबर लिहून घ्यावा. इतक्या वर्षांत कोणी दुसऱ्या गाडीचा बॉक्स बसवला असेल तर कागदावरचे मॉडेल पाहून आणलेला भाग बसणार नाही. काढलेले जुने भाग मिस्तरीकडून मागून घ्यावेत आणि झीज डोळ्यांनी पाहावी.

जे सभासद गाडी घेण्याच्या बेतात आहेत त्यांनी व्यवहार ठरवण्याआधीच वरील पाच परीक्षा कराव्यात. तेलाचे बूच उघडायला मालक नको म्हणत असेल, तर तो व्यवहार सोडून द्यावा.

आपला,
ऊस विकास अधिकारी