जायफळाची चांदीची किसणी

जायफळ कुटून ठेवले की त्यातील सुगंधी तेल लवकर उडते. म्हणून ते लागेल तेव्हा, लागेल तेवढेच किसण्याची पद्धत रूढ झाली. या गरजेतून सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये खिशात मावणारी चांदीची किसणी तयार झाली.

त्या काळी जायफळ अत्यंत महाग होते. ते प्रामुख्याने इंडोनेशियातील बांदा बेटांवरून येई. 1621 मध्ये डचांनी ही बेटे जिंकून व्यापार आपल्या मुठीत घेतला. श्रीमंत इंग्रज आपले जायफळ स्वतःजवळ बाळगत आणि ‘पंच’ नावाच्या मद्यपेयावर ते ताजे किसून घालत.

किसणीची डबी चांदीची असली, तरी जायफळ खरवडणारा भाग सहसा लोखंडी पत्र्याचा किंवा पोलादाचा असे. चांदी मऊ असल्याने तिची धार टिकत नाही. पत्र्याला एका बाजूने टोचून भोके पाडत. दुसऱ्या बाजूला उमटलेल्या खरखरीत कडांवर जायफळ घासले जाई. डबीच्या पोकळीत अख्खे जायफळ राही. सुरुवातीच्या डब्या नळीसारख्या किंवा बदामाच्या आकाराच्या होत्या. पुढे अंडाकृती आणि चौकोनी डब्या आल्या. अठराव्या शतकाच्या अखेरीस बर्मिंगहॅम हे अशा छोट्या चांदीकामाचे मोठे केंद्र बनले.

इंग्लंडमध्ये चांदी आणि जायफळ एका डबीत एकत्र आले; आपल्याकडे नाशिकमध्ये मात्र त्यांच्या वाटा वेगळ्या आहेत. गोदाकाठच्या सराफ बाजारातील चांदी ताम्हण, पळी-पंचपात्र, निरांजन, अत्तरदाणी अशा रूपांत देवघरात आणि मंगलकार्यात वापरली जाते. जायफळ मात्र स्वयंपाकघरात साध्या बारीक किसणीवर किसतात. श्रीखंड, बासुंदी, पुरण आणि कॉफीला त्याचा वास लागतो. बाळगुटीसाठी ते सहाणेवर उगाळून त्याचे एक-दोन वळसे घेतात. जायफळ तीव्र असते. जास्त प्रमाणात पोटात गेल्यास मळमळ, गुंगी आणि भ्रम होतो. म्हणून चिमूटभरच वापरावे आणि तान्ह्या बाळाला डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय देऊ नये.

जुनी इंग्रजी किसणी ओळखताना आधी ठसे पाहावेत. चालता सिंह म्हणजे 92.5 टक्के शुद्ध चांदी, जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅम आणि बिबट्याचे मुख म्हणजे लंडन. राजाच्या किंवा राणीच्या मुखाचा ठसा 1784 ते 1890 या काळात कर भरल्याची खूण होता. लहान वस्तूंवर सगळे ठसे असतीलच असे नाही, त्यामुळे बिजागरी, झाकण नीट बसते का आणि आतील पत्रा हेही तपासावे. पत्रा नंतर बदललेला असल्यास संग्राहकांच्या दृष्टीने वस्तूचे मोल कमी होते.

हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे चांदी काळी पडते. ती टूथपेस्टने किंवा राखेने घासू नये, कारण त्याने नक्षी आणि ठसे झिजतात. मऊ सुती कापडाने पुसून, कोरड्या जागी आणि रबरापासून दूर ठेवावी. आतला पत्रा ओला राहिल्यास गंजतो. गंजलेल्या पत्र्यावर खाण्याचे जायफळ किसू नये. अशी किसणी संग्रहात जपावी आणि स्वयंपाकासाठी स्टीलची किसणी वापरावी.