बडोद्यात उतरायचं कुठं?

मुंबईहून रात्रीच्या गाडीनं निघालेला माणूस पहाटे बडोद्याला उतरतो, तेव्हा बाहेर कुठल्या बाजूनं पडायचं हे त्याला आधी ठरवावं लागतं. पश्चिमेला अलकापुरी: रुंद रस्ते, मॉल, मोठ्या कंपन्यांची हॉटेलं. पूर्वेला सयाजीगंज: रिक्षांचा गराडा, चहाच्या टपऱ्या आणि एकाला एक लागून उभी असलेली लॉज. बहुतेक जण खिसा चाचपून पूर्वेला वळतात. खिसा भरलेला असला तरी पूर्वेलाच वळावं, असं माझं मत आहे. कॉलेजचा घुमट, काळा घोडा, सयाजीबाग, सूरसागर, न्यायमंदिर, मांडवी हे सगळं त्याच बाजूला आहे.

या लॉजमध्ये निव्वळ पर्यटक थोडेच असतात. सर सयाजीराव जनरल हॉस्पिटलात पेशंटला दाखल करून आलेले नातेवाईक असतात. महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रवेशासाठी आलेली मुलं आणि त्यांचे वडील असतात. कंपन्यांचे फिरते विक्रेते असतात. आणि आपल्याकडची दत्तभक्त मंडळीही असतात. नर्मदाकाठच्या गरुडेश्वरला वासुदेवानंद सरस्वती टेंबे स्वामींची समाधी आहे, नारेश्वरला रंगावधूत महाराजांचं स्थान आहे. दोन्हीकडे जाणारे बरेचसे मराठी यात्रेकरू बडोद्यात एक रात्र काढतात. नवरात्रात मात्र आधी फोन न करता जाऊ नये. बडोद्याचा गरबा बघायला आणि खेळायला लोक लांबून येतात आणि त्या नऊ रात्री साधी खोली मिळतानाही मारामार होते.

गावात राहणं आणि गाव बघणं

इटलीला जाऊन आलेले लोक सिएना किंवा लुका अशा तटबंदीच्या गावांतल्या छोट्या हॉटेलांबद्दल कौतुकानं बोलतात. घरातलीच माणसं हॉटेल चालवतात. जिना अरुंद, खोली लहान, खिडकीला लाकडी झडपा. पोचल्याबरोबर पासपोर्ट मागून घेतात, कारण पाहुण्याची नोंद पोलिसांना कळवणं तिथं बंधनकारक आहे. अनेक गावांत माणशी, रात्रीमागे नगरपालिकेचा कर वेगळा भरावा लागतो. जुन्या पेठांत बाहेरच्या गाड्यांना मज्जाव असतो, म्हणून बॅग ओढत चालावं लागतं. इतकं करून लोक तिथंच उतरतात, कारण संध्याकाळी पर्यटकांच्या बसगाड्या निघून गेल्या की गाव पुन्हा गावकऱ्यांचं होतं आणि मुक्कामी पाहुण्याला ते तसं बघायला मिळतं.

बडोद्यालाही हेच लागू पडतं. 2018 मध्ये सरदार पटेलांचा 182 मीटर उंचीचा पुतळा केवडियाला उभा राहिल्यापासून बडोदं हे अनेकांसाठी वाटेवरचं ठिकाण झालं. सकाळी लक्ष्मीविलास राजवाडा, दुपारी जेवण आणि संध्याकाळी पुढे. अशा धावपळीत राजवाडा दिसतो, पण गाव राहूनच जातं.

गाव बघायचं तर न्यायमंदिरापासून पायी निघावं. सूरसागर तलावासमोरची ही इमारत 1896 ची. रॉबर्ट चिझम या वास्तुविशारदानं ती बांधली आणि पुढे शंभराहून जास्त वर्षं तिथं न्यायालय चाललं. तिथून लहरीपुरा दरवाज्यातून आत शिरलं की रस्ता सरळ मांडवीला जातो. चार दिशांना लहरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट असे चार दरवाजे आणि मधोमध मांडवीचा मंडप, असा जुन्या शहराचा चौरस आराखडा आहे. मांडवीजवळच मध्यवर्ती ग्रंथालय आहे. बडोद्याचे महाराज सयाजीराव यांनी 1910 मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला आणून राज्यभर ग्रंथालयांचं जाळं उभारलं, त्याचं हे मुख्य केंद्र. इथल्या लोखंडी मांडण्यांच्या मजल्यांना जाड काचेची जमीन आहे, वरचा उजेड खालच्या पुस्तकांपर्यंत पोचावा म्हणून.

रावपुऱ्याकडे तांबेकर वाडा आहे. विठ्ठल खंडेराव ऊर्फ भाऊ तांबेकर 1849 ते 1854 या काळात बडोद्याचे दिवाण होते. चार मजल्यांचा हा लाकडी वाडा आतून भित्तिचित्रांनी भरलेला आहे. कृष्णलीला, मराठी वेशातली माणसं आणि मधूनच युरोपियन पोशाखातल्या आकृती त्यात दिसतात. बाहेरून बघणाऱ्याला आत काय आहे याचा पत्ताही लागत नाही. दांडिया बाजार ही मराठी वस्ती. 1893 ते 1906 अशी तेरा वर्षं अरविंद घोष बडोद्यात होते. त्यांचं दांडिया बाजारातलं घर आजही लोक बघायला जातात.

या पेठांत मराठी नुसती पाट्यांवर उरलेली नाही. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बडोद्यात चार वेळा भरलं: 1909, 1921, 1934 आणि 2018. खाण्यातही हा शेजार दिसतो. इथली सेव-उसळ म्हणजे मिसळीची गुजरातेत सासरी गेलेली बहीण: वाटाण्याची उसळ, वर शेव, कांद्याची पात, सोबत पाव आणि वेगळ्या वाटीत झणझणीत तर्री. परतताना बटाट्याचा, थोडासा ओलसर लीलो चेवडो पिशवीत हवाच.

व्हेनिसची फरशी

लक्ष्मीविलासही बघावाच. मेजर चार्ल्स मँट यांनी आराखडा केला. ते 1881 मध्ये वारले आणि काम चिझम यांनी पुढे नेलं. 1890 मध्ये राजवाडा तयार झाला. दरबार हॉलची जमीन व्हेनिस पद्धतीच्या मोझेकची आहे, खिडक्यांना बेल्जियमची रंगीत काच आहे आणि ऑगस्टो फेलिची या इटालियन शिल्पकारानं घडवलेली कांस्य, संगमरवर आणि टेराकोटाची शिल्पं जागोजागी आहेत. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावात 1863 मध्ये जन्मलेला, बाराव्या वर्षी दत्तक म्हणून गादीवर बसलेला एक मुलगा पुढे इटलीहून कलावंत बोलावतो आणि अमेरिकेहून ग्रंथपाल आणतो, ही गोष्ट आजही थक्क करते. त्याच सयाजीरावांनी 1882 पासून अस्पृश्य मुलांसाठी शाळा काढल्या, 1906 मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि 1913 मध्ये भीमराव रामजी आंबेडकर या तरुणाला शिष्यवृत्ती देऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवलं.

इथून पुढची हकिगत एका साध्या मुक्कामाच्या जागेची आहे.

दीड रुपया रोजाची खोली

1917 च्या सप्टेंबरात आंबेडकर शिष्यवृत्तीच्या करारानुसार नोकरीसाठी बडोद्याला आले. पुढे जे घडलं ते त्यांनी 1930 च्या दशकात ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या इंग्रजी आठवणींत लिहून ठेवलं. त्यांच्या हयातीत ते छापलं गेलं नाही. 1990 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं त्याची पुस्तिका काढली. स्टेशनवर उतरल्यावर त्यांना पडलेला प्रश्न हाच होता: उतरायचं कुठं? ‘विशी’ म्हणून ओळखली जाणारी हिंदू हॉटेलं जात विचारणार हे ठाऊक होतं. परदेशात ओळख झालेले बडोद्याचे मित्र होते, पण त्यांच्या घरी जाऊन त्यांना अवघडवण्याची इच्छा नव्हती. गाडीवानाकडे चौकशी केल्यावर कॅम्पातल्या एका पारशी मुसाफिरखान्याचा पत्ता लागला.

खाली वयस्क पारशी राखणदार आणि त्याचं कुटुंब, वर पाहुण्यांची सोय. राखणदार भेटायला वर आला आणि अंगावर पारशांची सदरा-कस्ती नाही हे बघून त्यानं विचारपूस केली. ही जागा फक्त पारशांसाठी होती. पण गिऱ्हाईक क्वचितच येई आणि राखणदारालाही पैशाची गरज होती. त्यानं तोड काढली: रजिस्टरात पारशी नाव लिहायचं. जेवणखाण धरून रोजचा दीड रुपया. कोलंबियात शिकून आलेल्या, लंडनमध्ये पुढचा अभ्यास सुरू केलेल्या माणसाला एका खोलीसाठी स्वतःचं नाव खोडावं लागलं.

वर एक छोटी झोपायची खोली, तिला लागून नळ असलेली न्हाणी. बाकीचा सगळा मजला म्हणजे एक मोठा दिवाणखाना, आणि तो मोडक्या खुर्च्या, बाकं, फळ्या अशा अडगळीनं भरलेला. विजेचे दिवे नव्हते. राखणदार सकाळी चहा आणून देई, साडेनवाला न्याहारी, रात्री साडेआठला जेवण. दिवसा कचेरी. रात्री कंदिलाच्या उजेडात, वटवाघळांच्या फडफडाटात पुस्तक उघडून बसायचं. एकटेपणा इतका, की त्यांना ती जागा एखाद्या कोठडीसारखी वाटे. तरी डोक्यावर छप्पर आहे, यात ते समाधान मानत होते.

अकराव्या दिवशी सकाळी ते कचेरीला निघत होते. ग्रंथालयाला परत करायची पुस्तकं हातात घेतली होती. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. काठ्या घेतलेले डझनभर संतापलेले पारशी दारात उभे राहिले. मुसाफिरखाना बाटवल्याबद्दल शिव्या दिल्या आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचं बजावलं. सरकारी बंगला मिळावा म्हणून दिवाणांकडे अर्ज केला होता, त्याचा निकाल लागत नव्हता. त्यांनी मग दोघा मित्रांना विचारलं. हिंदू मित्र हळहळला, पण म्हणाला की तू आलास तर घरातले नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्राची बायको दुसऱ्या दिवशी परत यायची होती. तिला विचारल्याशिवाय त्याला काही सांगता येईना.

मुंबईची गाडी रात्री नऊला. हातात पाच तास. ते त्यांनी कामाठीबागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत, बसून काढले. आठच्या सुमाराला मुसाफिरखान्यात येऊन सामान खाली आणलं. राखणदार बाहेर आला. दोघांपैकी कोणालाच बोलता येईना. बिल चुकतं झालं आणि आंबेडकर स्टेशनकडे निघाले.

या प्रसंगात काठ्या पारशांच्या हातात होत्या म्हणून दोष एकट्या त्यांच्यावर ढकलणं सोयीचं आहे, पण खरं नाही. मुळात त्या मुसाफिरखान्यात जावं लागलं ते हिंदू हॉटेलांची दारं बंद होती म्हणून. महाराजांचा हुकूम कचेरीत खुर्ची देऊ शकत होता. पण गावात राहायला जागा मिळवून देणं त्याच्याही आवाक्याबाहेर होतं. बागेतला तो प्रसंग लोकस्मृतीत एका वडाशी जोडला गेला. ती जागा आता संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते आणि दर 23 सप्टेंबरला तिथं संकल्प दिन पाळला जातो.

राज्यघटनेतलं हॉटेल

बाबासाहेब मसुदा समितीचे अध्यक्ष असलेल्या राज्यघटनेत हॉटेल हा शब्द आहे. कलम 15 च्या दुसऱ्या उपकलमात म्हटलं आहे की धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं आणि करमणुकीच्या जागा येथे कोणाही नागरिकाला प्रवेशाची आडकाठी करता येणार नाही. विहिरी, तलाव, स्नानाचे घाट आणि रस्त्यांचाही उल्लेख लगेच पुढे येतो. 1955 च्या अस्पृश्यताविरोधी कायद्यानं, म्हणजे आजच्या नागरी हक्क संरक्षण कायद्यानं, तर हॉटेलासोबत धर्मशाळा, सराई आणि मुसाफिरखाना यांचीही नावं घेऊन असा मज्जाव गुन्हा ठरवला.

आज सयाजीगंजच्या लॉजमध्ये काउंटरवरचा मुलगा आधार कार्ड मागतो, त्याची झेरॉक्स काढतो, रजिस्टरात नाव, पत्ता, कुठून आलात, कुठं जाणार हे लिहून घेतो आणि किल्ली पुढे सरकवतो. हे किती साधं आहे! पण या साधेपणाची किंमत कोणीतरी आधी चुकती केली आहे.

बडोद्याला जाणाऱ्यांसाठी दोन-चार गोष्टी. खोली घेण्याआधी बघून घ्यावी. गरम पाणी किती वाजता येतं आणि हिशेब चोवीस तासांचा की दुपारी बाराचा, हे विचारावं. रस्त्याकडची खोली शक्यतो टाळावी. राजवाड्याची वेळ आणि सुट्टी आदल्या दिवशी विचारून घ्यावी. सयाजीबागेतलं 1894 चं संग्रहालय, तिथली इजिप्शियन ममी आणि देवमाशाचा सांगाडा मुलांना जरूर दाखवावा. आणि बागेत गेलातच तर संकल्पभूमीवर जाऊन, तिथं काय घडलं तेही त्यांना सांगावं.

हॉटेलांचा प्रश्न कायद्यानं मिटवला. भाड्याच्या घरांचा अजून मिटलेला नाही. पुण्यात, मुंबईत, बडोद्यात आजही घर दाखवण्याआधी आडनाव विचारलं जातं, आणि उत्तर पसंत पडलं नाही की घर ‘कालच गेलेलं’ असतं. तुमच्या रिकाम्या फ्लॅटसाठी उद्या कोणी फोन केला, तर त्याचं आडनाव विचारू नका. कामधंदा, भाडं आणि अनामत याबद्दल विचारा. घरमालकाला तेवढं पुरतं.