शहर उद्या कुठे पसरेल? चौकटी, नियम आणि वगळलेली जमीन

शहर आजवर कसं पसरलं हे जुन्या-नव्या उपग्रहचित्रांवरून दिसतं. मग उद्या ते कुठे पसरेल, हे संगणकाला विचारता येईल का? आज आपण हाच प्रश्न घेऊ, आणि उदाहरण घेऊ पुण्याचं.

पहिली गोष्ट म्हणजे संगणकाला शहर दिसत नाही, चौकटी दिसतात. लँडसॅट उपग्रहाच्या चित्रातली एक चौकट साधारण ३० बाय ३० मीटरची, म्हणजे जवळपास ९ गुंठे. प्रत्येक चौकट एक तर बांधलेली, नाही तर मोकळी. पुढच्या वर्षी तिचं काय होणार, हे मुख्यतः शेजारच्या चौकटी बघून ठरवायचं. या पद्धतीला 'सेल्युलर ऑटोमेटा' म्हणतात.

शहरांसाठी यातलं बरंच वापरलं जाणारं प्रतिमान म्हणजे 'स्लूथ'. कीथ क्लार्क आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या परिसरासाठी ते मांडलं. त्यात वाढीचे चार नियम आहेत. एक, कुठेतरी एकटंच बांधकाम उभं राहतं. दोन, त्यातल्या काहींभोवती नवी वस्ती जमते. तीन, असलेल्या वस्तीची कड पुढे सरकते. चार, बांधकाम रस्त्याकडे ओढलं जातं. पुण्यात बाह्यवळण रस्त्याच्या कडेने गेलात तर तिसरा आणि चौथा नियम डोळ्यांनीच दिसतो.

कुठल्या नियमाला किती जोर द्यायचा? त्यासाठी पाच आकडे असतात, प्रत्येक ० ते १०० मधला. सगळ्या जोड्या मोजल्या तर त्या १००० कोटींच्या वर जातात. म्हणून आधी मोठ्या टप्प्यांनी आणि मग बारीक टप्प्यांनी शोध घेतात. जुन्या नकाशापासून सुरुवात करून जे आकडे पुढच्या वर्षांचे खरे नकाशे जवळपास उभे करतात, ते ठेवायचे. मग तेच आकडे घेऊन भविष्याकडे जायचं. गणितात नशिबाचा भाग असल्यामुळे समजा १०० वेळा चालवलं आणि एखादी चौकट ८० वेळा बांधली गेली, तर तिची शक्यता ८० टक्के धरायची.

आता इथे एक फसवी जागा आहे. समजा १०० चौकटी आहेत आणि दहा वर्षांत त्यातल्या १० बदलल्या. आपल्या प्रतिमानानेही १० बदलतील असं सांगितलं, पण बरोबर निघाल्या ४. सहा सुटल्या, सहा भलत्याच ठिकाणी पडल्या. म्हणजे १०० पैकी ८८ बरोबर. आणि 'काहीच बदलणार नाही' असं म्हणणारा स्वस्थ बसून ९० गुण घेऊन जातो! म्हणून 'आमचं प्रतिमान ८८ टक्के अचूक' हे वाक्य ऐकलं की लगेच विचारायचं: बदललेल्या चौकटींपैकी किती पकडल्या? इथे चुका आणि बरोबर मिळून १६ चौकटी, त्यात बरोबर ४, म्हणजे २५ टक्के. खरा गुण हा.

दुसरी मर्यादा याहून मोठी. प्रतिमान भूतकाळाकडून शिकतं. १९८० च्या दशकातल्या नकाशांवर शिकवलेल्या प्रतिमानाला हिंजवडी कुठून कळणार? तिथे आयटी पार्क आला तो शेजारच्या चौकटी बघून नव्हे, सरकारी निर्णयाने. अशा निर्णयांचं कारण नकाशात नसतं. ते आपण बाहेरून घालावं लागतं.

आणि आपण घालतो त्यातला सगळ्यात वजनदार थर म्हणजे वगळलेल्या जमिनीचा. धरणाचं पाणी, वनजमीन, लष्करी हद्द: इथे बांधकाम होणारच नाही, असं आपण आधीच सांगून ठेवतो. पुण्यात खरा वाद टेकड्यांचा आहे. १:५ पेक्षा तीव्र उतारावर बांधकाम नको, असा नियम कागदावर आहे. तो थरात पूर्ण बंदी म्हणून घातला, तर २०४० च्या नकाशात टेकड्या हिरव्या राहतील आणि वाढ सपाट शेतजमिनीवर जाईल. 'बंदी आहे, पण अर्धीच पाळली जाते' असं घातलं, तर तोच संगणक उतारावर घरं दाखवेल. ओढ्यांचंही तसंच. पहिल्या चित्रात ओढा मोकळा राहतो, दुसऱ्यात त्याचा काठ भरतो आणि पावसाचं पाणी खालच्या वस्तीत शिरतं.

म्हणून दोन्ही चालवायचे आणि दोन्ही नकाशे शेजारी ठेवायचे. त्यांच्यातला फरक म्हणजे नियम पाळण्याची किंमत किंवा न पाळण्याची, चौकटीनिशी मोजलेली. प्रतिमानाचा खरा उपयोग हा आहे. त्याला ज्योतिषी समजू नका.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी '२०४० चं शहर' असा रंगीत नकाशा दाखवला, तर रंगांकडे नंतर बघा. आधी विचारा: यात कुठली जमीन वगळली होती, आणि ती कुणी ठरवली?