बंद पडलेल्या स्कूटरचा हिशेब

लेखांक ६

पाण्याखालच्या स्कूटरबद्दल चौकशी करणारा माणूस पहिला प्रश्न वेगाचा विचारतो. मिनिटाला किती मीटर जाते? माझ्या मते हा आकडा सगळ्यात शेवटी पाहावा. आधी विचारावं, की ही स्कूटर वाटेत बंद पडली तर पाणबुड्या कुठे असेल, त्याच्या सिलिंडरमध्ये किती हवा उरली असेल आणि ते पाऊणएक मण वजनाचं धूड त्याला सोबत आणता येईल का. स्कूटरची घडण आणि तिच्यावर लावायचं सामान या दोन्हींची पारख याच प्रश्नांवर होते. गेल्या लेखांकात खोलीबरोबर वाढणारा हवेचा खर्च पाहिला होता, तो इथे उपयोगी पडेल.

आकडेच घेऊ. एक पाणबुड्या ३० मीटर खोलीवरच्या गुहेत शिरला आहे. पाठीवर १२ लिटरचे दोन सिलिंडर, दोन्हींत २०० बार दाब, म्हणजे एकूण ४,८०० लिटर हवा. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा घेणाऱ्या माणसाला ३० मीटरवर ८० लिटर लागते, कारण तिथे दाब चौपट असतो. गुहेत जाणाऱ्यांचा जुना नियम तिसऱ्या हिश्श्याचा आहे: एक हिस्सा जाताना, एक परतताना, एक राखीव. स्कूटर मिनिटाला ४५ मीटर ओढते असं धरलं, तर २० मिनिटांत तो ९०० मीटर आत पोहोचतो आणि १,६०० लिटर, म्हणजे नेमका एक हिस्सा, संपतो. नियम पाळला गेला. आता तिथेच मोटार बंद पडली. पाय मारत मिनिटाला १५ मीटर गेलं, तर ९०० मीटरला एक तास लागतो आणि तासाला हवा लागते ४,८०० लिटर. शिल्लक आहेत ३,२०० लिटर. ती ४० मिनिटांत, ६०० मीटरवर संपते, आणि गुहेचं तोंड अजून ३०० मीटर लांब असतं. हा हिशेब शांतपणे पोहणाऱ्याचा आहे. धास्तावलेल्या माणसाला याहून पुष्कळ जास्त हवा लागते.

स्कूटर नसताना जो नियम माणसाला वाचवतो, तोच स्कूटर असताना अपुरा पडतो. फ्लोरिडातल्या वकुला झऱ्याच्या गुहा धुंडाळणाऱ्यांनी म्हणूनच एका स्कूटरवर भरवसा ठेवला नाही. डिसेंबर २००७ मध्ये जॅरड जॅब्लॉन्स्की आणि केसी मॅकिन्ले टर्नर सिंक या विवरातून शिरून वकुलातून बाहेर पडले. सुमारे ११ किलोमीटरची वाट, तीही ८०-९० मीटर खोलीवरची. एवढा पल्ला वेगामुळे गाठता आला असं वाटणं साहजिक आहे. पण त्यामागे सोबत बांधून नेलेल्या जादा स्कूटरी होत्या, वाटेत आधीच ठेवलेले सिलिंडर होते आणि मदतनीसांची मोठी फळी होती.

या दृष्टीने स्कूटरकडे पाहिलं की तिच्या घडणीतल्या साध्या गोष्टी ठळक होतात. पहिली, ती पाण्यात बुडू नये आणि वरही येऊ नये. गोड्या पाण्यात नीट तोललेली, ३५ लिटर पाणी बाजूला सारणारी स्कूटर समुद्रात नेली, तर खारं पाणी सुमारे अडीच टक्के जड असल्यामुळे ती जवळजवळ ९०० ग्रॅमने वर ओढू लागते. तेवढं शिसं आत घालावं लागतं, आणि ते नाकाकडे की शेपटीकडे यावर ती आडवी राहील की तिरकी होईल हे ठरतं. दुसरी गोष्ट ओढण्याची दोरी. स्कूटर हातांनी धरून लोंबकळायचं नसतं. तिच्या मुठीपासून निघालेली दोरी पाणबुड्याच्या हार्नेसच्या मांड्यांमधल्या पट्ट्यावरच्या कडीत अडकवतात. सगळा ओढा तिथे येतो आणि हाताकडे फक्त दिशा देणं उरतं. दोरी बेताची असली की कोपर किंचित वाकलेलं राहतं आणि पंख्याने मागे फेकलेलं पाणी पोटाखालून निघून जातं. ती आखूड असली तर तो झोत सरळ छातीवर येतो आणि शक्ती वाया जाते. तिसरी गोष्ट चाप. चांगल्या यंत्रात चापाला चुंबक असतो आणि तो भिंतीपलीकडचं बटण चालू करतो. त्यासाठी कवचाला भोक पाडावं लागत नाही. जिथे भोक नाही तिथून पाणी शिरत नाही. उरलेल्या सांध्यांची राखण ओ-रिंग करते, आणि तिच्यावर एक केस किंवा वाळूचा एक कण राहिला तरी पाणी आत येतं.

समुद्राला प्रवाह असतो, तेव्हा वेग हवाच, असं कोणी म्हणेल. थोडा हवा, हे मान्य. पण पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि लागणारी शक्ती घनाने. वेग दुप्पट करायला आठपट शक्ती लागते आणि त्याच बॅटरीवर पल्ला चौथाईवर येतो. शिवाय विरोधाचा मोठा वाटा सिलिंडर आणि लोंबत्या नळ्यांसह पाणबुड्याच्याच शरीराचा असतो. नळ्या अंगालगत बांधणं हे मोठी मोटार घेण्यापेक्षा स्वस्त आणि जास्त उपयोगाचं आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हे सगळं गुहांसाठी, उघड्या समुद्रात तर सरळ वर येता येतं. खरं आहे, आणि तिथला मोठा धोका नेमका हाच आहे. वर येण्याची शिफारस केलेली गती मिनिटाला ९ मीटरच्या आसपास आहे. ४५ मीटर वेगाच्या स्कूटरचं नाक वर वळलं, तर माणूस पाचपट वेगाने वर जातो. फुप्फुसातली हवा फुगते, रक्तात विरघळलेला नायट्रोजन बुडबुड्यांनी बाहेर पडू लागतो. त्यामुळे वर येताना मोटार बंद करून स्कूटर कडीला अडकवणं हाच योग्य मार्ग. तिसरा आक्षेप, स्कूटरने पाणबुड्या आळशी होतो. हा मला पटत नाही. प्रवाहाविरुद्ध धापा टाकत पोहणाऱ्याची हवा लवकर संपते आणि शरीरात कार्बन डायऑक्साइड साठतो. श्रम वाचणं ही चैन नव्हे.

सामानाचा क्रम आता सहज लागतो. आधी ओढायची दोरी, नाकावरची कडी (बंद स्कूटर मागे बांधायला), तोलाचं शिसं, मग होकायंत्र. दिवा आणि कॅमेऱ्याची बैठक त्यानंतर, आणि तीही पाण्याला अडवणार नाही अशी. दुकानात मात्र कॅमेऱ्याची बैठक सगळ्यात पुढे मांडलेली असते, याचं मला वाईट वाटतं.

मालवणच्या किनाऱ्यालगत बोटीच्या आसपास उतरणाऱ्या पर्यटकाला यातलं काही लागत नाही. विजयदुर्गच्या पश्चिमेला समुद्रात सुमारे १०० किलोमीटर आत असलेल्या आंग्रिया बँक या बुडीत पठाराची गोष्ट वेगळी आहे. तिथल्या प्रवाळांचा माथाच २० मीटरच्या आसपास खोल, म्हणजे तळाशी मिळणारा वेळ थोडा आणि पाहायचं क्षेत्र अफाट. तिथे नोंदी करणाऱ्या संशोधकाच्या हातात नीट तोललेली, संथ स्कूटर असावी असं मला मनापासून वाटतं. ती विमानाने आणायची तर अडचण बॅटरीची: १०० वॉट-अवरपर्यंतची लिथियम बॅटरी सोबत नेता येते, १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते, त्यापुढची प्रवाशाच्या सामानात चालत नाही. यावर काही उत्पादकांनी बॅटरीचे लहान सुटे भाग केले, काहींनी ड्रिल मशीनच्या बॅटऱ्या वापरल्या. त्यांची रचना आणि त्यांतला आगीचा धोका पुढच्या लेखांकात पाहू.