किरणोपचारातील सोनोग्राफी-मार्गदर्शन : त्रुटींची कारणे आणि अचूकतेचे उपाय

सारांश : कर्करोगावरील किरणोपचारात गाठीचे स्थान दररोज तपासण्यासाठी सोनोग्राफी हे तुलनेने स्वस्त साधन असून त्यात रुग्णाला जादा किरणोत्सर्ग सोसावा लागत नाही. मात्र तिने दाखविलेले स्थान काही मिलिमीटरांनी चुकू शकते. प्रस्तुत लेखात प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाच्या उदाहरणावरून या त्रुटींची कारणे व उपाय स्पष्ट केले आहेत.

बीजसंज्ञा : किरणोपचार, सोनोग्राफी, ध्वनिवेग, प्रोस्टेट ग्रंथी, पद्धतशीर त्रुटी

१. प्रस्तावना

गाठीला पुरेशी मात्रा मिळावी व निरोगी ऊतींना कमीत कमी इजा व्हावी, हे किरणोपचाराचे मूलतत्त्व होय. उपचाराचे नियोजन एका दिवशी काढलेल्या सीटी स्कॅनवर होते. प्रत्यक्ष उपचार मात्र अनेक बैठकांत दिले जातात. प्रोस्टेट ग्रंथी मूत्राशयाच्या खाली व गुदाशयाच्या पुढे असते. हे दोन्ही अवयव कमीअधिक भरले की ती काही मिलिमीटर सरकते. त्वचेवरील खुणांवरून हे सरकणे कळत नाही. म्हणून ग्रंथीभोवती सुरक्षा-सीमा धरून तेवढ्या भागावर किरण सोडतात.

या सीमेची किंमत निरोगी ऊतींना मोजावी लागते. ग्रंथी ४ सें.मी. व्यासाचा गोल मानल्यास तिचे आकारमान सुमारे ३४ घन सें.मी. येते. सभोवती १० मि.मी. सीमा धरल्यास किरणांखालील आकारमान ११३, तर ५ मि.मी. धरल्यास ६५ घन सें.मी. होते. या फरकातच मूत्राशयाचा व गुदाशयाचा काही भाग असतो. सीमा अरुंद करणे हिताचे आहे. परंतु स्थान चुकीचे मोजले गेले, तर त्याच अरुंद सीमेमुळे गाठीचा भाग किरणांबाहेर राहतो.

२. त्रुटींची कारणे

सोनोग्राफी यंत्र अंतर प्रत्यक्ष मोजत नाही. ते प्रतिध्वनी परत येण्यास लागलेला वेळ मोजते आणि शरीरात ध्वनीचा वेग सर्वत्र सेकंदाला १५४० मीटर आहे असे गृहीत धरून खोली काढते. प्रत्यक्षात हा वेग चरबीत सुमारे १४५०, तर स्नायूंत सुमारे १५८० मीटर असतो. ध्वनीला ४ सें.मी. जाडीच्या चरबीतून जावे लागल्यास यंत्र ते अंतर ४२.५ मि.मी. दाखवते. म्हणजे केवळ या थरामुळे ग्रंथी सुमारे २.५ मि.मी. अधिक खोल भासते. प्रतिमा स्वच्छ व रेखीव असली तरी ही चूक तीत दिसत नाही.

दुसरे कारण प्रोबच्या दाबाचे. पोटावर प्रोब दाबल्याने खालील अवयव सरकू शकतात. प्रोब उचलताच ते मूळ जागी येऊ लागतात आणि किरण मात्र दाबलेल्या स्थितीनुसार सोडले जातात. तिसरे कारण सीमारेषेचे. सीटी स्कॅनवर प्रोस्टेट ग्रंथी सोनोग्राफीपेक्षा बहुधा मोठी आखली जाते. त्यामुळे दोन प्रतिमा जुळवताना फरक पडतो.

यांतील कोणती त्रुटी अधिक घातक, हे तिच्या स्वरूपावर ठरते. रोज वेगवेगळ्या दिशेने होणाऱ्या यादृच्छिक चुका अनेक बैठकांत काहीशा भरून निघतात. रोज एकाच दिशेने होणारी पद्धतशीर चूक मात्र कायम राहते. मार्सेल व्हॅन हर्क व सहकाऱ्यांनी २००० साली मांडलेल्या सूत्रात सुरक्षा-सीमा काढताना पद्धतशीर त्रुटीला २.५ ने व यादृच्छिक त्रुटीला ०.७ ने गुणले जाते. चरबीच्या थरामुळे येणारी चूक एकाच रुग्णात दररोज त्याच दिशेने होत असल्याने ती पहिल्या प्रकारात मोडते.

३. अचूकता वाढविण्याचे उपाय

(अ) नियोजनाच्या सीटी स्कॅनवरून चरबी व स्नायू यांचे थर ओळखता येतात. प्रत्येक थरासाठी योग्य ध्वनिवेग वापरून सोनोग्राफीतील खोली दुरुस्त करता येते.

(आ) नियोजनाच्या वेळीही सोनोग्राफी काढून पुढील प्रतिमा तिच्याशीच ताडून पाहाव्यात. दोन्ही वेळची चूक जवळपास सारखी असल्याने ती वजा होते. मात्र मधल्या काळात रुग्णाच्या चरबीचे प्रमाण बदलल्यास हा लाभ कमी होतो.

(इ) प्रोब पोटाऐवजी मांड्यांच्या मधल्या भागावर, गुदद्वाराच्या पुढे ठेवल्यास तो किरणांच्या मार्गात येत नाही. त्यामुळे किरण सुरू असतानाही ग्रंथीवर लक्ष ठेवता येते.

(ई) प्रोबचे खोलीतील स्थान कॅमेऱ्यांद्वारे टिपले जाते. ही व्यवस्था किरणयंत्राच्या केंद्रबिंदूशी जुळते का, हे फँटमवर नियमित तपासावे लागते. फँटममधील द्रवाचा ध्वनिवेगही लक्षात घ्यावा लागतो : २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात तो सुमारे १४८० मीटर असल्याने १० सें.मी. खोलीवरील खूण १०.४ सें.मी.वर दिसते.

४. समारोप

आज अनेक केंद्रांत या कामासाठी कोन-बीम सीटी किंवा ग्रंथीत बसविलेले सोन्याचे कण वापरले जातात. तरीही मऊ ऊती दाखविण्याची क्षमता व किरणोत्सर्गाचा अभाव हे सोनोग्राफीचे गुण टिकून आहेत. पूर्वी ३५ ते ४० बैठकांत दिला जाणारा उपचार आता अनेक रुग्णांना २० किंवा त्याहूनही कमी बैठकांत दिला जातो. बैठका घटल्या की प्रत्येक बैठकीतील चुकीचा वाटा वाढतो. म्हणूनच प्रतिमा किती स्पष्ट आहे यापेक्षा तीवरील अंतर किती खरे आहे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. या त्रुटींची कारणे भौतिकशास्त्रास ज्ञात आहेत. त्यांची दुरुस्ती दैनंदिन उपचारपद्धतीचा नियमित भाग झाल्यासच सीमा अरुंद करण्याचा लाभ रुग्णाला निर्धोकपणे मिळू शकेल.