मोटारीतला गारवा खोलीत आणता येईल का?

घाटकोपरहून वर्सोव्याकडे जाणारी मेट्रो २०१४ साली सुरू झाली आणि आम्हा घाटकोपरकरांना एक नवाच देखावा तिकिटाच्या पैशांत पाहायला मिळू लागला. डबा वातानुकूलित. बाहेर वैशाखाचे ऊन रणरणत असले तरी आत अंगावर शिरशिरी यावी असा गारवा. असल्फा स्टेशन जवळ येते आणि काचेपलीकडे टेकडीवरची घरे दिसू लागतात. २०१७ च्या अखेरीस काही हौशी मंडळींनी या घरांच्या भिंती निळ्या, पिवळ्या, गुलाबी रंगवून काढल्या. दिसते मोठे सुरेख! पण गाडी उंचावरून जाते, त्यामुळे भिंतींबरोबर छपरेही दिसतात. ती पत्र्याचीच आहेत. गंजलेली, वर ताडपत्री, ताडपत्रीवर दगड. चार हातांवरून शेकडो माणसे गारव्यात बसून जात आहेत आणि त्या पत्र्याखाली कोणी दुपारची पोळी लाटीत आहे.

तेव्हा मनात येते, की माणसाच्या एका लहानशा खोलीला थंड राहायला असे लागते तरी किती? मोटारीत चार माणसे आरामात गार होतात. ते यंत्र जर एवढ्याशा पेटीत मावते, तर ते खोलीत का बसवू नये?

हा प्रश्न माझा एकट्याचा नाही. कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुन्या मोटारींच्या सुट्या भागांची दुकाने आहेत. तेथे दिवे, दरवाजे, आरसे यांच्या ढिगात मोटारीच्या एसीचे कॉम्प्रेसरही दिसतात. नारळाएवढा अल्युमिनियमचा गोळा, पुढे पट्ट्याचे चाक. माझ्या भाच्याने तेथून असा एक गोळा, त्याची जाळी आणि पंखा विकत आणला. मुरबाडकडे त्याने थोडी जमीन घेतली आहे. तेथे दहा बाय बाराची एक खोली बांधली. पण विजेचा खांब काही तिथवर आलेला नाही.

"मामा, मोटारीत बारा व्होल्टची बॅटरी असते. तिच्यावर एसी चालतो. मग मी दोन बॅटऱ्या लावीन, वर सूर्याच्या उन्हावर चालणारी पॅनेले लावीन. झाले!"

त्याचे हे 'झाले' ऐकून मी म्हटले, "अरे, मोटारीचा एसी बॅटरीवर चालतो हे तुला कोणी सांगितले?"

येथेच सगळी गोम आहे, आणि पुष्कळ शिकलेल्या माणसांचीही येथे गल्लत होते.

आपल्याकडे ताप चढला की कपाळावर कोलनवॉटरची पट्टी ठेवीत. ते उडून जाताना कपाळाची उष्णता घेऊन जाते. एसी म्हणजे तीच पट्टी, फरक इतकाच की उडालेले कोलनवॉटर पुन्हा पकडून आणायचे आणि पुन्हा वापरायचे. मोटारीत १९९० नंतरच्या दशकांत जो वायू सर्रास वापरात आला, तो उघड्यावर शून्याखाली २६ अंशांनाच उकळतो. तो गारव्याच्या नळ्यांत उडतो, आतल्या हवेची उष्णता शोषतो. मग त्याला दाबून तापवायचे, पुढच्या जाळीत वारा घालून त्याची उष्णता बाहेर टाकायची, आणि द्रव झाला की पुन्हा आत सोडायचा. यात कष्टाचे काम एकच: दाबण्याचे. आणि ते काम मोटारीत बॅटरी करीत नाही, इंजिन करते. पुढचा रबरी पट्टा इंजिनावरून फिरतो आणि तो कॉम्प्रेसर फिरवतो. आपण बटण दाबल्यावर 'टक्' असा आवाज येतो, तो बॅटरीने कॉम्प्रेसरच्या चाकाचा चुंबकी क्लच जोडल्याचा. बॅटरीचे काम एवढेच. वर पंखे फिरवण्याचे. बैलगाडी ओढतो बैल, आणि श्रेय मिळते चाबकाला, तसा हा प्रकार आहे.

आता आकडे पाहू. आकडे म्हटले की काही वाचक पान उलटतात. पण हे आकडे स्वयंपाकघरातले आहेत. उन्हात उभी असलेली मोटार म्हणजे काचेची भट्टी. आतली हवा साठ अंशांवर जाते, आणि मालकाला ती पाच मिनिटांत गार हवी असते. म्हणून लहानशा मोटारीलाही एक ते दीड टनाचे यंत्र लागते. हा 'टन' यंत्राच्या वजनाचा नव्हे बरे का! एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषील, तितकी शोषणारे यंत्र ते एक टनाचे. बर्फाचे दिवस गेले, हिशेब मात्र त्याचाच राहिला. मुंबईहून पेशावरला जाणाऱ्या फ्रंटियर मेलला १९३४ साली थंड डबा जोडला गेला, तेव्हा त्या डब्याखाली खरोखरीच बर्फाच्या लाद्या ठेवीत आणि वाटेतल्या स्टेशनांवर नव्या भरीत.

एवढी उष्णता उपसायला मोटारीचे यंत्र सुमारे दोन किलोवॉट शक्ती खाते. मोटार बनवणाऱ्याला जागा आणि वजन वाचवायचे असते. इंजिनाची शक्ती त्याच्यापाशी मुबलक असते, तेव्हा यंत्र काटकसरी असावे याची त्याला फारशी निकड नसते. भाच्याची योजना अशी, की इंजिनाऐवजी विजेची मोटर पट्ट्याला लावायची. म्हणजे दोन हजार वॉट. बारा व्होल्टच्या बॅटरीतून ते घ्यायचे तर दीडशेहून अधिक अँपिअर ओढायला हवेत. घरोघरी इन्व्हर्टरखाली जी दीडशे अँपिअर-तासांची जाडजूड बॅटरी असते, तिच्यात सगळे मिळून पावणेदोन युनिट वीज मावते. त्यातली निम्मीच वापरावी. नाही तर बॅटरी लवकर म्हातारी होते. म्हणजे एका बॅटरीवर जेमतेम अर्धा तास! भाच्याच्या दोन बॅटऱ्यांवर तासभर. अंथरूण घालून पाठ टेकेपर्यंत गारवा संपला.

भाचा हिरमुसला, पण हार मानणारा नव्हे. म्हणाला, "मग जुनी गाडीच खोलीच्या भिंतीला लावून ठेवतो. इंजिन चालू, आणि गार हवा नळाने आत."

या एका गोष्टीवर मात्र मी त्याला विनोद करू दिला नाही. चालू इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात प्राणवायूची जागा तो बळकावतो आणि झोपलेल्या माणसाला जाग येण्याची संधीही देत नाही. बंद गॅरेजात एसी लावून गाडीत झोपलेली माणसे सकाळी उठलीच नाहीत, अशा बातम्या आपण वाचतो त्या याच कारणाने. जनरेटरचेही तेच. घराच्या भिंतीलगत, खिडकीखाली ही यंत्रे चालवून कोणीही झोपू नये. शिवाय उभ्या गाडीत एसी चालू ठेवला तर तासाला लिटरभर पेट्रोल सहज जळते. एका रात्रीच्या झोपेला आठ लिटर! तेवढ्यात एखाद्या बऱ्या हॉटेलात खोली मिळावी.

दुसरी कटकट वायूची. घरातल्या फ्रिजचा कॉम्प्रेसर डब्यात पक्का बंद असतो. मोटारीच्या कॉम्प्रेसरचा दांडा बाहेर डोकावतो, नळ्या रबराच्या असतात, आणि थोडा थोडा वायू निसटत राहतो. म्हणून तर गॅरेजवाला दोन-चार वर्षांनी 'गॅस भरायला पाहिजे' म्हणतो. हा वायू पृथ्वी तापवण्याच्या बाबतीत कार्बन डायॉक्साइडच्या हजारपटींहून अधिक खोडकर आहे. घरी पाने-पकडी घेऊन नळी सोडली तर तो सगळा हवेत जातो, आणि बोटांना हिमदंश होतो तो वेगळाच.

मग लहान खोलीला उपाय नाहीच काय? आहे, आणि तो सापडला ट्रकवाल्यांपाशी. ट्रकची केबिन म्हणजे वीज नसलेली लहान खोलीच की! ड्रायव्हर रात्री त्यातच झोपतो. २०२५ सालापासून बनणाऱ्या मोठ्या मालट्रकांच्या केबिनला आपल्या देशात वातानुकूलन सक्तीचे झाले आहे; पण ते चालत्या इंजिनावरचे. थांबलेल्या ट्रकसाठी टपावर बसवायचे निराळे यंत्र मिळते. त्यात कॉम्प्रेसर पक्का बंद, विजेची मोटर त्याच्या पोटातच, आणि चोवीस व्होल्टच्या बॅटऱ्यांवर काही शे वॉटांत काम भागते. जे काम भाचा पट्टे आणि चाके जोडून करू पाहत होता, तेच हे. फक्त मुळापासून त्यासाठीच घडवलेले.

कोणी म्हणेल, साधा पाण्याचा कूलर का नको? त्याचे उत्तर गावोगाव वेगळे. नागपूरला ४५ अंशांच्या कोरड्या हवेत ओल्या वाळ्यातून आलेला वारा २५ अंशांच्या आसपास उतरू शकतो. मुंबईत ३४ अंश असतात, पण हवा आधीच ओलीचिंब. तेथे कितीही पाणी शिंपडा, २८ च्या खाली पारा जात नाही, वर अंग चिकट होते ते निराळेच. अफगाणिस्तानातल्या कंदाहारला टॅक्सीवाल्यांनी आमच्या भाच्याच्या नेमके उलट केले. मोटारीचे एसी बिघडले, दुरुस्ती परवडेना. तेव्हा त्यांनी घरगुती पाण्याचे कूलर टॅक्सीच्या टपावर बांधले आणि नळाने वारा खिडकीतून आत सोडला. २०२५ च्या उन्हाळ्यात त्याची छायाचित्रे जगभर गेली. तेथे हवा कोरडी, म्हणून साधले. घाटकोपरला तीच टॅक्सी न्हाणीघर झाली असती!

पण यंत्र कोणते, याच्याही आधीचा प्रश्न वेगळा आहे. होडीला भोक असेल तर मोठा डबा घेऊन पाणी उपसायचे, की आधी भोक बुजवायचे? दहा बाय बाराच्या छपरावर भर दुपारी अकरा किलोवॉट ऊन पडते. अकरा इस्त्र्या एकदम तापत ठेवल्यासारखे! त्यातला पाचवा हिस्सा आत झिरपला, तरी खोलीत दोन इस्त्र्या लावल्यासारखे होते. उलट झोपलेला माणूस स्वतः जुन्या पिवळ्या दिव्याइतकी, सत्तर-ऐंशी वॉटच उष्णता देतो. शत्रू छपरावर आहे. अहमदाबादेने २०१० च्या भयंकर उन्हाळ्यानंतर २०१३ मध्ये उष्णतेविरुद्ध शहराची योजना आखली आणि पुढे गरीब वस्त्यांतली हजारो छपरे चुन्याने पांढरी केली. अशा पांढऱ्या छपराखाली दोन-चार अंशांचा फरक पडतो, आणि पत्र्याखाली राहणाऱ्याला दोन-चार अंश म्हणजे डोळा लागणे आणि न लागणे यांतला फरक. असल्फाच्या भिंती रंगवणाऱ्यांचा हात छपरापर्यंत पोचला असता तर, असे मेट्रोतून जाताना मला दरवेळी वाटते.

भाच्याने शेवटी पत्र्याला चुन्याचे दोन हात दिले. पत्र्याखाली वीतभर पोकळी सोडून बांबूच्या तट्ट्यांचे छत केले. पश्चिमेच्या भिंतीला पडवी काढली. आणि कुर्ल्याहून आणलेल्या सामानातला एक भाग खरोखरीच कामाला आला. तो म्हणजे जाळीचा पंखा. तो मात्र अस्सल बारा व्होल्टचा, शंभर-सव्वाशे वॉटांत वाऱ्याचा लोट सोडणारा. तो त्याने भिंतीत वर, उलटा बसवला. दिवेलागणीला खोलीतली कोंडलेली हवा तो तासाभरात बाहेर फेकतो, खालच्या खिडकीतून मुरबाडची गार हवा आत येते, आणि एका बॅटरीवर हे सारे भागते. आवाज मोटारीसारखा येतो, एवढी एक तक्रार माझी बहीण करते.

कॉम्प्रेसर परत कुर्ल्याला गेला. दुकानदाराने तो निम्म्या किमतीत घेतला, आणि असे परत घेऊन येणारे तुम्ही काही पहिलेच नव्हे, असे वर ऐकवले.