खिशातले पैसे घालून चॅम्पियन!

एक कोडं घालू? पंधरा-पंधरा खेळाडूंच्या रग्बीचा ऑलिंपिक विजेता देश आजच्या घडीला कोणता?

न्यूझीलंड? अंहं! इंग्लंड? चूक! दक्षिण आफ्रिका? तेही नाही!

उत्तर आहे अमेरिका! आणि तेही गेली शंभराहून जास्त वर्षं!

खोटं वाटतंय ना? मग गंमत ऐक.

1924 साली पॅरिसला ऑलिंपिक भरलं होतं. रग्बी खेळायला किती देश आले असतील? फक्त तीन! फ्रान्स, रुमानिया आणि अमेरिका. अमेरिकेच्या संघात कॅलिफोर्नियातल्या कॉलेजांची पोरं भरलेली. त्यातले काही तर ही रग्बी नव्यानंच शिकलेले! 18 मे रोजी अंतिम सामना झाला. समोर फ्रान्स, मैदान फ्रान्सचं, ओरडणारे प्रेक्षकही फ्रान्सचेच. आणि निकाल? अमेरिका 17, फ्रान्स 3! प्रेक्षक असे खवळले की काही विचारू नकोस!

त्याआधी 1920 साली अँटवर्पलाही अमेरिकेनंच फ्रान्सला 8-0 असं हरवलं होतं.

आणि मग काय झालं असेल? ऑलिंपिकवाल्यांनी रग्बी काढूनच टाकली! 2016 साली ती परत आली खरी, पण सात-सात खेळाडूंची, चटकन संपणारी. पंधरा जणांची रग्बी ऑलिंपिकमध्ये पुन्हा झालीच नाही. जो सामना होतच नाही, त्यात हरणार कसं? म्हणून विजेतेपद अजून अमेरिकेकडेच!

पण कॅलिफोर्नियाच्या पोरांना रग्बी येत कशी होती? त्याचीही गोष्ट आहे. तिकडचा लाडका खेळ म्हणजे अमेरिकन फुटबॉल. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तो इतका धसमुसळा झाला होता की खेळताना मुलं जबर जखमी व्हायची, काही तर जीवाला मुकायची. 1905 साली खुद्द राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी कॉलेजवाल्यांना बोलावून कानउघाडणी केली. मग बर्कलीचं कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि शेजारचं स्टॅनफर्ड विद्यापीठ यांनी फुटबॉल बंद करून 1906 पासून काही वर्षं चक्क रग्बी खेळायला घेतली. धसमुसळेपणा कमी व्हावा म्हणून रग्बी! रग्बी पाहिलेल्या माणसाला हे सांगून बघ. तो पोट धरून हसेल!

तू पाहिली नसशील तर मैदानावर चल माझ्याबरोबर.

चेंडू आधी बघ. गोल नाहीच! मोठ्या अंड्यासारखा, सुमारे 30 सेंटिमीटर लांब. पूर्वी डुकराच्या मूत्राशयात हवा भरून तो बनवायचे, म्हणून असा लांबुळका. टप्पा पडला की कुठं उडेल, देवालाच ठाऊक!

हा चेंडू हातात धरून पळायचं. समोरच्या संघाच्या टोकाच्या रेषेपलीकडे जाऊन तो जमिनीला टेकवायचा. टेकवला की 5 गुण! त्याला म्हणतात 'ट्राय'. वर चेंडू लाथेनं उंच मारून गोलपोस्टच्या दोन खांबांमधून, आडव्या दांड्यावरून घालवला तर आणखी 2.

सोपं वाटलं? मग आता खरी मेख ऐक. हातानं चेंडू पुढे फेकायचाच नाही! मित्राला द्यायचा तर बाजूला किंवा मागेच!

म्हणजे बघ, शाळेची बस सुटतेय आणि तुमची टोळी तिच्यामागे धावतेय. डबा तुझ्या हातात. तुला कुणीतरी पकडलं. आता डबा फक्त तुझ्या मागून येणाऱ्यालाच देता येईल. त्याला धरलं की त्यानं त्याच्या मागच्याला. डबा दरवेळी मागे जातोय, पण सगळी टोळी मात्र पुढे पुढे! आहे ना अजब?

पळणाऱ्याला पकडायचं कसं, हे तुला कुणी शिकवायला नको. कबड्डीत चढाई करणाऱ्याच्या पायांना मिठी मारतो ना, तस्संच! फक्त मान नि डोकं धरायला सक्त मनाई. आणि अधूनमधून होतो 'स्क्रम'. इकडचे आठ आणि तिकडचे आठ वाकून एकमेकांत खांदे अडकवतात आणि रेटारेटी करतात. मोठ्या माणसांच्या संघात एका बाजूचे आठ जण मिळून वजन आठशे किलोंच्या आसपास! असा हा सगळा सामना 80 मिनिटं चालतो.

आता अमेरिकेत परत येऊ. ऑलिंपिकमधून रग्बी गेली आणि अमेरिकेत ती जवळजवळ विसरली गेली. काही कॉलेजांत, काही क्लबांत तेवढी धुगधुगी राहिली. पुढे ती हळूहळू पसरली आणि 1975 साली देशभरच्या रग्बीसाठी एक राष्ट्रीय संघटना निघाली. मग साहजिकच प्रश्न आला, देशात सगळ्यांत भारी संघ कोणता?

तुझ्या शाळेचा संघ आधी तालुक्याला जिंकतो. मग जिल्हा, मग विभाग, मग राज्य. तिकडेही तस्संच ठरलं. देशाचे चार भाग पाडले: पॅसिफिक किनारा, पश्चिम, मध्य-पश्चिम आणि पूर्व. आपापल्या भागात जिंका, मग राष्ट्रीय स्पर्धेला या! क्लबांची स्पर्धा 1979 मध्ये सुरू झाली. पहिला चषक बर्कलीच्या 'ओल्ड ब्लूज' क्लबनं उचलला. कॉलेजांची स्पर्धा आली पुढच्याच वर्षी, 1980 मध्ये.

पण अमेरिका केवढी, ठाऊक आहे? न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को म्हणजे मुंबई-दिल्लीच्या साडेतीनपट अंतर! न्यूयॉर्कची मुलं दुपारी जेवायला बसतात, तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोची नुकती सकाळच्या शाळेत पोचलेली असतात. आता एवढ्या लांबच्या सामन्याचं विमानाचं भाडं कोण भरत असेल? ओळख पाहू!

सरकार? नाही. मोठी कंपनी? क्वचित. खेळाडू स्वतः!

हो, हो, स्वतः! कारण हे सगळे हौशी खेळाडू. हौशी म्हणजे पगार नाही, मानधन नाही. उलट दरवर्षी क्लबला वर्गणी द्यायची! कॉलेजची मुलं तर प्रवासाच्या पैशांसाठी लोकांच्या गाड्या धुतात. मोठे लोक दिवसभर नोकरी करतात आणि संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात सराव. 1995 पर्यंत तर साऱ्या जगात या रग्बीसाठी पैसे घेणं हेच नियमाबाहेर होतं! अमेरिकेत पगारी खेळाडूंची मोठी लीग 2018 मध्ये सुरू झाली. पण गावोगावचे क्लब आजही वर्गणीवरच चालतात.

भाडं वाचवायचं, सुट्ट्याही वाचवायच्या. म्हणून पुष्कळदा शेवटचे चार संघ एकाच गावी बोलवायचे. शनिवारी उपांत्य सामना आणि रविवारी लगेच अंतिम! शनिवारी 80 मिनिटं अंग ठेचून घ्यायचं, रात्री बर्फानं शेकायचं आणि सकाळी पुन्हा बूट चढवायचे. सोमवारी ऑफिसात लंगडत जायचं ते वेगळंच! मला तर हे चषकापेक्षा भारी वाटतं.

या शनिवार-रविवारमुळे एक मजेदार पेच झाला होता. युटा राज्यात ब्रिगहॅम यंग नावाचं विद्यापीठ आहे. ते मॉर्मन नावाच्या ख्रिस्ती पंथाचं. त्यांच्यात रविवार देवाचा! रविवारी खेळ नाही म्हणजे नाही, मग अंतिम सामना का असेना! त्यामुळे इतका दणकट संघ कित्येक वर्षं राष्ट्रीय स्पर्धेच्या बाहेरच.

तोवर इकडे कॉलेजांच्या स्पर्धेत बर्कली विद्यापीठवाले काय करत होते? जिंकत होते! 1991 साली जिंकले. 92 ला जिंकले. 93 ला जिंकले. असे करत करत 2002 पर्यंत सलग 12 वेळा! म्हणजे बघ, पहिल्या चषकाच्या दिवशी जन्मलेलं बाळ शेवटच्या चषकापर्यंत पाचवी-सहावीत गेलं, आणि त्यानं दुसरा विजेता पाहिलाच नाही!

आणि या बारा वर्षांच्या अलीकडे-पलीकडे कोण होतं? 1989 आणि 1990 चा विजेता म्हणजे अमेरिकेच्या हवाई दलाच्या अकादमीचा संघ. 2003 चा विजेता? पुन्हा तोच! विमानं उडवायला शिकणारी ही पोरं बारा वर्षं थांबली आणि चषक परत घेऊन गेली.

शेवटी रविवारचा पेच सुटला आणि ब्रिगहॅम यंगही स्पर्धेत आलं. 2006 च्या अंतिम सामन्यात बर्कलीकडून हरलं. 2007 ला पुन्हा बर्कली, पुन्हा हार. 2008? पुन्हा बर्कली, पुन्हा हार! तू असतास-असतीस तर बूट फेकून दिले असतेस ना? ते 2009 साली चौथ्यांदा आले. समोर? बर्कलीच! आणि या वेळी जिंकले!

शाळकरी मुलंही मागे नाहीत हं. त्याच युटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीला 'हायलँड' नावाचा शाळकरी मुलांचा संघ होता. टोंगा, सामोआ अशा प्रशांत महासागरातल्या बेटांवरून आलेल्या घरांतली कितीतरी मुलं त्यात. सामन्याआधी ती 'हाका' करायची. हाका म्हणजे न्यूझीलंडच्या माओरी लोकांचा मांड्या थोपटत, पाय आपटत, गर्जना करत केलेला नाच. समोरचा संघ निम्मा तिथंच गार! साधारण साडेतीन दशकांत या संघानं सामने जिंकले 418 आणि हरले फक्त 10! शंभर गुणांच्या पेपरात सुमारे अठ्ठ्याण्णव, आणि तेही इतकी वर्षं! राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली 20.

मुलींचं सांगायचंच राहिलं! खरं तर त्यांची गोष्ट सगळ्यांत झकास.

1991 साली बायकांचा पहिला रग्बी विश्वचषक वेल्समध्ये झाला. 12 संघ आले. पैसे कुणाकडेच नव्हते! सोव्हिएत युनियनच्या मुलींनी तर खर्चासाठी विकायला बाहुल्या नि टोप्या आणल्या होत्या. अमेरिकेच्या मुलींनी तिकिटांसाठी स्वतःच्या खिशात हात घातला. या सगळ्या कॉलेजांत आणि क्लबांत तयार झालेल्या, राष्ट्रीय स्पर्धांत एकमेकींना आडव्या पाडलेल्या! आता त्या एकाच रंगाच्या जर्सी घालून उतरल्या आणि अंतिम सामन्यात इंग्लंडला 19-6 असं हरवून जगज्जेत्या झाल्या. अमेरिकेच्या पुरुषांना विश्वचषक अजून एकदाही जिंकता आलेला नाही!

त्या संघात कॅथी फ्लोरेस नावाची खेळाडू होती. पुढे ती 'बर्कली ऑल ब्लूज' या बायकांच्या क्लबची प्रशिक्षक झाली. मग या क्लबनं राष्ट्रीय विजेतेपदांची रांगच लावली. नंतर तिनं देशाच्या संघालाही शिकवलं.

हां, आणि रग्बीतली माझी सगळ्यांत आवडती रीत. सामन्याचे अर्धे भाग दोनच असतात ना? पण रग्बीवाले म्हणतात, तिसराही असतो! शिट्टी वाजली, अंगाला माती, कुणाच्या ओठाला सूज, कुणाच्या कोपराला पट्टी. आणि मग यजमान संघ पाहुण्यांना जेवायला घालतो! मघाशी ज्यानं तुला चिखलात लोळवलं, तोच तुझ्या ताटात पास्ता वाढतो. दोन्ही संघ एकाच टेबलाशी, गाणी काय म्हणतात, थट्टा काय करतात!  पाहुणे विमानानं आले असतील, तर कधी कधी यजमान त्यांना रात्री आपल्या घरी झोपायलाही नेतात. हॉटेलचं भाडं वाचतं ना!